शेडचा नकाशा

तुर्भे, सोमवार रात्र

ती. बाबांस,


सुखरूप पोचले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरली. ही लाइन २००४ साली सुरू झाली, म्हणजे तुमच्या नोकरीनंतर. तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यानं बसचा दांडा धरून यायचात, तो रस्ता मी गाडीतून शोधत होते. घणसोलीला नोसिल कारखान्याची जागाही शोधली. तिथं आता रिलायन्सच्या ऑफिसांच्या काचा चमकतात.

तुमच्या कंपनीची शेड मात्र आहे तिथंच आहे. गेटला गंज चढलाय, भिंतीतून पिंपळ वर आलाय आणि छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांना तडे गेलेत. शेजारच्या वस्तीतल्या बायकांना तिथं मुलांसाठी अभ्यासिका हवी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत दहावीचा अभ्यास कसा होतो हे त्यांनीच मला दाखवलं. "आम्ही रविवारी येऊन झाडून घेतो, तुम्ही रंग तेवढा द्या," असं त्या म्हणाल्या. झाडू लावू नका, हे सांगताना मला फार जड गेलं.

बुधवार

बाबा, झाडू का नको ते तुम्हाला लिहिते. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे. पत्रा शाबूत असेल तोवर तंतू त्यात अडकून राहतात. पत्रा फुटला, कापला की ते धुळीत येतात, आणि कोरडा झाडू ती धूळ थेट श्वासात नेतो. साध्या रुमालानं ते अडत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर त्यातून होतो, तोही वीस-तीस-चाळीस वर्षांनी. म्हणून आधी पाणी मारून पत्रे भिजवायचे, बोल्ट सोडवून अख्खे खाली घ्यायचे, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचे आणि घातक कचऱ्याच्या जागी पाठवायचे. या पट्ट्यासाठी तशी जागा महापेला आहे. भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. तो ते दुसऱ्या कुणाच्या झोपडीवर चढवील.

पत्रे निदान डोळ्यांना दिसतात. फरशीचं तसं नाही. काँक्रीट तेल पितं, सॉल्व्हंट पितं. वरून घासून चकचकीत केलं तरी आतलं आतच राहतं आणि उन्हाळ्यात वाफेनं वर येतं. म्हणून तपासणीत आम्ही फरशीला भोक पाडून गाभा काढतो, खालची माती वेगवेगळ्या खोलीवरून घेतो, बोअरचं पाणी तपासतो. जुन्या रंगात शिसं असतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या आत ठेवायचं बंधन आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झालं, म्हणजे त्याआधीच्या भिंती खरवडतानाही जपायला हवं.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. ज्यानं घाण केली त्यानं खर्च करायचा, असं त्यात आहे. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. इतकी वर्षं कारखाना बंद झाला की मालक जमीन विकून मोकळा व्हायचा, आणि तळातलं विष जो तिथं राहायला येईल त्याच्या पदरात पडायचं.

शुक्रवार

काल संध्याकाळी कोपरखैरण्याला निसर्ग उद्यानात गेले होते. तुम्ही तिथं कचऱ्याचे ढीग पाहिले असतील. महापालिकेनं ते डम्पिंग शास्त्रीय पद्धतीनं बंद केलं आणि वर बाग केली. म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती, एक आजोबा नातवाला सायकल शिकवत होते. मी बराच वेळ बाकावर बसून राहिले. आपल्याच शहरात हे झालेलं आहे, तर शेडचंही होईल.

आता तुमच्याकडे काम आहे. कंपनीचे कागद कुठंच सापडत नाहीत. नमुने कुठून घ्यायचे ते अंदाजानं ठरवलं तर नेमकी वाईट जागा सुटून जायची. तिथं बावीस वर्षं फिटर होता तो माणूस माझ्या घरात आहे, आणि मला हे इथं आल्यावर सुचलं! वहीच्या कागदावर शेड काढा. ट्रान्स्फॉर्मर कुठं होता, त्याचं तेल कुठं सांडायचं, ड्रम कुठल्या भिंतीला लावायचे, रात्रपाळीत टाकी धुतली की पाणी कुठल्या गटारात सोडायचे. तुमच्याबरोबरच्या काकांनाही फोन करून विचारा. नकाशा चुकला तरी चालेल, आम्ही खणून पाहू.

आणि स्टीमच्या पाइपांना गुंडाळलेलं ते पांढरं लॅगिंग तुम्ही हातानं सोलायचात ना? तेही ॲस्बेस्टॉसचंच असणार. घरी आलात की आई तुमचा युनिफॉर्म मोरीत झटकून धुवायची, पांढरी धूळ उडायची, मला आठवतंय. त्या धुळीनं कामगारांच्या बायकाही आजारी पडल्याचं जगात ठिकठिकाणी नोंदलेलं आहे. घाबरू नका. पण मी पुढच्या रविवारी येते, सोमवारी दोघंही साताऱ्याला चला, छातीचे फोटो काढून घेऊ. तुमचा आणि आईचाही. ती "मला काय धाड भरलीय" म्हणेल, तिला हे पत्र वाचून दाखवा.

तुमची लेक