दिमोनाहून आईला

दिमोना, सुक्कोथचे मधले दिवस

आई,
काल पत्र अर्धवट टाकून झोपले. बाबांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

किप्पूरचा उपास सुटला त्याच रात्री मावशीच्या दारात सुक्का उभारायला हातोडी वाजायला लागली. सण लागल्यापासून तिन्ही वेळचं जेवण बाहेर सुक्क्यातच. छपराला झावळ्या विरळ, रात्री तारे दिसले पाहिजेत म्हणून. त्या फटींतून वाळवंटाचा गारठा थेट ताटात उतरतो. तुझी शाल पांघरून जेवते, तरी वरणभात दोन घासांत गार. खिरीच्या सणाला मावशीनं डब्यातलं नारळाचं दूध वापरलं होतं. तुझ्या खिरीची सर नाही.

एथ्रोगला शंभर शेकेल पडले! काका भिंग लावून साल बघत होते. टोकाचा कोंब मोडला की फळ बाद. मी नुसतं हातात घेतलं तर दुकानदारानं ते हिसकावलंच. अजून राग आहे. एथ्रोगसोबतच्या जुडीतली अरावाची पानं लगेच काळी पडतात, म्हणून जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. सकाळी काका हाल्लेल म्हणताना ती सहा दिशांना हलवतात, तेव्हा पानांची सळसळ स्वयंपाकघरापर्यंत येते. फार आवडतं मला ते.

यरुशलेमला कोटेलपाशी कोहेनांचा आशीर्वाद घेतला. गर्दी फार होती.

दिमोना, सिम्हाथ तोरा सुटल्यावर

आई,
सिम्हाथ तोराला लिहायचं नाही, म्हणून आत्ता. तोराचे सेफेर घेऊन सगळे नाचले, म्हातारे काकासुद्धा. पण माझं मन अडकलं ते पावसाच्या प्रार्थनेत. हाज्जान पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला आणि सगळं सिनेगॉग चिडीचूप. ठाण्याला हीच प्रार्थना म्हणताना तू हळूच म्हणायचीस, देवा, इतक्यात नको, मामाचं भात शेतात उभं आहे. इथे वसंतापासून थेंब नाही. बाहेरची माती पिठासारखी उडते. आई, त्या प्रार्थनेतली तहान मला इथे कळली.

काकांनी सांगितलं, आज पावसाचं नुसतं नाव घेतात. प्रत्यक्ष मागणं हेश्वानच्या ७ तारखेपासून. पूर्वी सणाला यरुशलेमला आलेले यात्रेकरू परत निघायचे. त्यातला सगळ्यात लांबचा, फरात नदीकाठचा, घरी पोचेपर्यंत वाटेत भिजू नये म्हणून १५ दिवस थांबायचं.

माझं विमान त्याआधीचं आहे. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, मी रिक्षानं येईन. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी करून ठेव.

तुझी लेक