उचलीचा हिशेब

दिवाळी झाली की आमच्या कन्हेरीच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. कालव्याच्या कडेला नाहीतर एखाद्या पडीक रानात, चार बांबू, ताडपत्री आणि उसाचं पाचट. पाथर्डी, शिरूर कासार, आष्टी, धारूर अशा भागांतून टोळ्या येतात आणि पुढचे पाच महिने बारामती-इंदापूरचा ऊस त्यांच्याच कोयत्यावर निघतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 पासून या भागात खेळतंय. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांनी आमच्या घरांना स्लॅब दिले, पोरं शिकवली. आमचा मारुती तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ इथं फुटतो म्हणून. त्याच देवळापासून थोड्या अंतरावर असलेल्या कोप्या मात्र बातमीत येत नाहीत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि घरी थोडा ऊसही आहे, त्यामुळे या माणसांशी माझा संबंध दोन्ही बाजूंनी आला. हंगामात शाळाबाह्य मुलं शोधायला आम्ही शिक्षक कोप्यांवर जायचो. नाव घालायचं, पाटी-वही द्यायची, आणि पोरगं दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला थांबलं की पुन्हा बोलवायला जायचं. यातच एक मुलगा वर्गात आला. पाचवीच्या वयाचा, गणितात तल्लख. त्याची वही तपासायला घेतली तर मागच्या पानांवर आकड्यांच्या उभ्या रांगा दिसल्या. 18.640. 20.115. 19.380. प्रत्येक आकड्यापुढे तारीख. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "टनेज हाय, मॅडम. टॅक्टर कारखान्यावरनं आला की डायवरला इच्यारतो अन् लिव्हून ठेवतो. आईनं सांगितलंय."

त्याची आई निरक्षर. टोळी दहा कोयत्यांची. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ट्रॅक्टरच्या दोन ट्रेलरचं वजन दहांत वाटलं की प्रत्येक जोडीचं दिवसाचं काम निघतं. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या डायरीत काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं आपली दुसरी डायरी ठेवली होती, पोराच्या वहीत.

एका संध्याकाळी ती घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, एवढा हिशेब बघून सांगता का? मुकादम म्हनतो साठ हजार अजून अंगावर हायेत. मला तर वाटतं लई फिटलं." नवऱ्याची कंबर धरली होती, कोयता चालत नव्हता, आणि त्यांना गावी जायचं होतं. मुकादम जाऊ देत नव्हता. बाकी फेडा आणि जा, नाहीतर भाऊ आणा बदली.

तेव्हा मी प्रथमच कागद-पेन घेऊन हा हिशेब मुळापासून मांडला. आषाढात या जोडीनं एक लाख वीस हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती. पाऊस लांबलेला, बियाण्याला पैसे नाहीत, थोरल्या मुलीच्या लग्नाचं देणं डोक्यावर. अशा वेळी मुकादम दारात येऊन रोख मोजतो. बँक त्यांना दारात उभं करत नाही. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तेव्हा डोकी सेंटरचा, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरण्याचा, दर टनाला साधारण 366 रुपये झाला. नवरा-बायको मिळून दिवसाला दोन टन तोडतात. म्हणजे दोघांचे मिळून सातशे बत्तीस. त्यासाठी पहाटे चारला रानात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून ट्रेलर भरायचा. गाडी रात्री अकराला आली तर अकराला. एकही खाडा न करता एकशे चाळीस दिवस हे केलं तरी होतात एक लाख दोन हजार चारशे ऐंशी. उचल तरीही फिटत नाही. आणि मधे खायला लागतंच. दर बाजाराला मुकादम जी खर्ची देतो, तीही बाकीतच चढते. दवाखाना बाकीत. आजारी पडून घरी राहिलं तर खाडा, त्याचा दंडही बाकीत.

हा हिशेब मांडल्यावर कोणी म्हणू नये की ही माणसं उधळी आहेत म्हणून कर्जात राहतात. आकडेच असे बसवलेत की बाकी राहावी. बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं यावं लागतं.

शाळेत 30 जुलैला मानवी तस्करीविरोधी दिन व्हायचा. भित्तिपत्रकावर साखळदंडातले हात, अंधाऱ्या खोलीतली मुलगी, मुंबईची गल्ली. मुलींना फसवून विकणारे लोक आहेत आणि त्याबद्दल सावध करायलाच हवं, यात शंका नाही. पण त्या चित्रामुळे आपल्या मनात तस्करी म्हणजे दूरच्या शहरात, अनोळखी गुंडानं केलेला गुन्हा असंच बसलंय. त्याच जुलैमध्ये बीड-नगरच्या वाड्यावस्त्यांवर उचल वाटली जात असते, कोऱ्या बाँडवर अंगठे घेतले जात असतात, आणि पैसे वाटणारा माणूस ओळखीचा, बहुधा भावकीतलाच असतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांचा 2000 सालचा पालेर्मो करार भारतानं 2011 मध्ये स्वीकारला. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 143, म्हणजे जुन्या दंडविधानातलं 370, सांगतं की धमकी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा पैशाचं आमिष यांनी माणसाला शोषणासाठी भरती करणं, नेणं, ठेवून घेणं ही तस्करी. आणि त्या माणसानं हो म्हटलं होतं की नाही याला महत्त्व नाही. हे वाक्य मी कोपीवरच्या बायकांना समजावून सांगते, कारण प्रत्येकीला वाटतं, आपणच पैसे घेतले, आपणच अंगठा दिला, मग तक्रार कुणाकडं करायची? राज्यघटनेच्या 23 व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींना एकाच ओळीत बंदी घातली आहे. एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. आणि 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर सांगतो की वेठबिगारीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. प्रत्येक टोळीतला प्रत्येक कोयता वेठबिगार असतो असं मी म्हणत नाही. चांगली उचल ठरवून घेणारी, चोख हिशेब मागणारी, हंगाम संपवून चार पैसे घेऊन जाणारी जोडपीही मी पाहिली. पण "बाकी फेडल्याशिवाय जायचं नाही" असं कोणी म्हटलं, की तो व्यवहार मजुरीचा राहत नाही.

मुकादमाला नुसता खलनायक करूनही भागणार नाही. त्याला कमिशन मिळतं, पण त्यानंही वाहनमालकाकडून पैसे उचललेले असतात. वाहनमालक कोण? आमच्याच गावातली पोरं. कर्जावर ट्रॅक्टर घेतात, टोळीसाठी मुकादमाला लाखो रुपये देतात आणि कितीदा तरी टोळी येतच नाही. आमच्या वस्तीवरच्या एकाचे असे पैसे बुडाले, घरातलं सोनं गेलं. त्याची आई माझ्यापाशी येऊन रडली. तो चार मित्र घेऊन मुकादमाच्या गावी गेला. मुकादम सापडला नाही, तर ज्या मजुरानं त्या मुकादमाकडून उचल घेतली होती त्याच्या तरण्या पोराला गाडीत घालून घेऊन आला. "पैसे फिटेपर्यंत राहील इथं." मी त्याच्या घरी गेले, त्याच्या वडिलांसमोर बसले आणि सांगितलं, "बाळा, तुझे पैसे बुडाले हे खरं, त्याची फिर्याद दे, मी सोबत येते. पण हे पोरगं तू उचलून आणलंस, हे अपहरण आहे. तू जेलात जाशील." वडिलांना पटलं. दुसऱ्या दिवशी पोराला एसटीत बसवलं. प्रत्येक ठिकाणी असं होत नाही.

बायकांचं दुखणं तर वेगळंच. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी, संडासला आडोसा नाही, अंघोळ अंधारात. खाडा परवडत नाही म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी डॉक्टर म्हणतो पिशवीच काढून टाका. 2019 मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालानुसार बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांपैकी 13 हजार 861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा मुकादमाकडूनच घेतलेला, म्हणजे तोही बाकीत. तीच गत मुलींच्या लग्नाची. गावी एकटी ठेवायला भीती वाटते, आणि लग्न झालं की नवा कोयता होतो, नवी उचल मिळते. माझ्या वर्गातली सातवीतली एक मुलगी पुढच्या हंगामात टोळीत दिसली. गळ्यात काळी पोत, हातात कोयता. तिनं मला ओळखलं आणि मान फिरवली.

आमच्या शेतकऱ्यांचंही म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही. टोळीला खुशाली, म्हणजे वरची रक्कम, द्यावी लागते, ड्रायव्हरला एन्ट्री द्यावी लागते, नाही दिली तर ऊस उभा वाळतो. "टोळ्या माजल्यात, मॅडम," हे मी घरोघर ऐकलंय. त्याच घरांत दावणीला टोळीतल्या बायकांनी विकलेलं उसाचं वाढं असतं. खुशालीचा राग मजुरावर निघतो, कारण समोर तोच असतो. दर ठरतो पुण्यात-मुंबईत, पैसे येतात मुकादमाच्या हाती, आणि बांधावर भांडतात दोन पिचलेली माणसं.

आता टनेज लिहिणाऱ्या त्या मुलाच्या वहीकडे परत येते. त्या टोळीच्या ट्रॅक्टरमालक पोरानं मोबाईल पुढं केला; प्रत्येक खेपेच्या वजनाचा मेसेज त्याला येत होता. वहीतले आकडे आणि मोबाईलमधले आकडे जुळले. मुकादमाच्या डायरीत मात्र जवळजवळ दर खेपेला टन-दीड टन कमी. आमच्या ओट्यावर बसून एकेक तारीख वाचली. मुकादम आधी चढला, मग म्हणाला लिहिण्यात फरक पडला असेल. बाकी साठ हजारांवरून खाली आली, आणि कंबर धरलेल्या माणसाला घरी जाऊ द्यायचं कबूल झालं. पोलिसांत जाऊ का म्हणून मी विचारलं. बाईनं हात जोडले. "नको, बाई. तो आमच्याच गावचा हाय. आम्हाला तिथंच ऱ्हायचंय." मी जबरदस्ती केली नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या मुकादमाकडून कर्नाटकात गेले असं कळलं. मुलगा सोबत गेला.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. हंगामात मूल गावातच वसतिगृहात राहिलं तर त्याची शाळा टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशी वसतिगृहं प्रत्येक तालुक्यात पुरेशी झाली पाहिजेत. पण मूळ दुखणं हिशेबाचं आहे. मजुराचं नाव कारखान्याच्या नोंदीत, मजुरी त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांवर, आणि वजनाचा मेसेज वाहनमालकाला जातो तसा मजुराच्याही मोबाईलवर, एवढं व्हायला हवं. कारखान्यांना हे आजही जमण्यासारखं आहे. आपण सभासद आहोत. वार्षिक सभेत उसाच्या भावावर आपण तासभर बोलतो, त्यातली पाच मिनिटं याला द्या.

आणि यंदा तुमच्या रानात टोळी आली की पाणी द्या, सावली द्या आणि विचारा: उचल किती, बाकी किती, हिशेब कुणी दाखवला का, घरी जायला मोकळे आहात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं, तर 112 वर फोन करा. मूल राबताना दिसलं तर 1098. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे वेठबिगारीची तक्रार कुणीही देऊ शकतं, आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. हे तीन आकडे कोपीवरच्या एखाद्या पोराच्या वहीत लिहून द्या.