झाडाला शेवटी विचारतात

झाडावर नोटीस कशी दिसते हे आता बहुतेक पुणेकरांना पाठ झालंय. बुंध्यावर एक कागद, त्यात झाडाचं नाव, तोडायचं कारण, आणि हरकत असल्यास सात दिवसांत कळवा अशी सूचना. शहरातली झाडं जपण्यासाठी १९७५ साली केलेल्या कायद्यामुळे निदान एवढं तरी विचारलं जातं. पण हा कागद झाडावर लागतो तेव्हा रस्त्याची रुंदी ठरलेली असते, निविदा निघालेली असते, कधीकधी ठेकेदाराचं यंत्र कोपऱ्यावर येऊन उभंही असतं. आपण सात दिवस धावपळ करतो ती शेवटच्या प्रश्नावर. आधीचे सगळे प्रश्न आपल्याला न विचारताच सुटलेले असतात.

गणेशखिंड रस्त्याचं तेच झालं. २०२३ मध्ये तिथल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याच रस्त्यावर विद्यापीठ चौकात २००६ च्या सुमारास पूल बांधला होता. तो २०२० मध्ये पाडला, कारण मेट्रोच्या आड येत होता. चौदा वर्षांत पूल निकामी! चौदा वर्षांचं वडाचं झाड म्हणजे अजून पोरच की हो.

असो. मला सांगायचंय ते मोठ्या रस्त्याबद्दल नाही, आमच्या गल्लीबद्दल.

२०२० साली, टाळेबंदीत सगळे घरात असताना, महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला. आमची गल्ली अशीच, सहा मीटरची. एक रिक्षा आणि एक मोटार समोरासमोर आली की कुणीतरी मागे जायचं, हा आमचा अलिखित वाहतूक नियम. सहाचे नऊ करायचे म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घ्यायचं. आणि या दीड मीटरात काय आहे? कंपाऊंडची भिंत आणि तिच्या आत ओळीनं लावलेली झाडं. आमच्याकडे दोन आंबे, एक कडुलिंब आणि दादांनी १९७८ मध्ये लावलेला सोनचाफा. दादा गेले, चाफा आहे.

गंमत म्हणजे ही मागणी गाड्यांसाठी नव्हतीच. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही, असा नियम २०१६ पासून होता. टीडीआर नाही म्हणजे वाढीव मजले नाहीत, आणि वाढीव मजले नाहीत म्हणजे जुन्या इमारतीला हात लावायला बिल्डर तयार नाही. तेव्हा रस्ता रुंद करायचा तो इमारत उंच व्हावी म्हणून. मग नव्या इमारतीत चारपट गाड्या येणार आणि नऊ मीटरही पुरणार नाहीत, हा हिशोब कुणी मांडायचा?

हे सगळं मी घरी तावातावानं सांगितलं. आई ऐकत होती. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आठवड्यातून एकदा ती खाली उतरते आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर बसते. पुनर्विकास झाला तर तिला लिफ्ट मिळणार होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "बरोबर आहे रे तुझं. फक्त त्या चाफ्याला म्हण, मला उचलून वर ने."

मी हरकतीच्या पत्रावर सही केली. आईनं केली नाही. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांत असंच झालं.

तेव्हापासून हा विषय मला 'झाडं वाचवा'पुरता मांडता येत नाही. विरोध करणाऱ्यांत आम्ही बरेच जण धडधाकट पायांचे होतो. पण दुसरीकडे हेही खरं की आईला हवी होती लिफ्ट, नऊ मीटरचा रस्ता नव्हे. या दोन गोष्टींची गाठ नियमानं मारली आहे. म्हातारीच्या गुडघ्यांचं कारण पुढे करून आंब्यावर कुऱ्हाड का यावी? जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट लावायला पैसे आणि परवानगी सहज मिळाली असती, तर आमच्या घरी त्या दिवशी भांडायला काही उरलंच नसतं.

गल्लीत पुढे एक इमारत पडली, नवी उभी राहिली. नवी भिंत दीड मीटर आत सरकली. शेजारची जुनी जागच्या जागी. गल्ली आता दात पडलेल्या कवळीसारखी दिसते, आणि मोकळ्या झालेल्या त्या दीड मीटरात रात्रंदिवस एक मोटार उभी असते. तिथे पूर्वी बकुळ होती.

२०२१ मध्ये कायदा बदलला. पन्नास वर्षांचं झाड आता वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. कागदावर उत्तम आहे. पण आमच्या आंब्याच्या बदल्यातली रोपं आमच्या गल्लीत कुठे लावणार? जागा तर रस्त्यानं घेतलेली. सावली मिळणार ती दुसऱ्या कुणाला, वीस वर्षांनी.

म्हणून एक विनंती. पेपरात रस्तारेषेची जाहीर सूचना येते, बारीक टायपात, 'कलम २१०' असं काहीतरी लिहिलेली. आपण ती उलटून पुढे जातो. ती वाचा. तिच्यावरही हरकत घेता येते, आणि झाडं खरी त्या कागदावर ठरतात; बुंध्यावरचा कागद फार उशिरा येतो. हरकत लिहाल तेव्हा नुसतं 'झाडं तोडू नका' लिहू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं खाली कसं उतरायचं, तेही लिहा. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टचा ठराव मी मांडतोय. त्यावर पहिली सही आईची आहे.