कराची पडलं त्या रात्री

८ मे २०२५च्या रात्री डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये बसून बाबांनी आणि मी कराची बंदर उद्ध्वस्त केलं. हातात शस्त्र एकच होतं, रिमोट. एका वाहिनीवर बंदर पेटलं होतं, दुसरीवर पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक झाली होती, तिसरीवर इस्लामाबाद आपल्या हातात आलं होतं. चहा दोनदा झाला.

यातलं कराचीचं तरी बाबांना खरं वाटायला कारण होतं. १९७१ साली ते गिरगावातल्या चाळीत राहायचे. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले आणि रेडिओभोवती सगळा मजला गोळा झालेला. त्या ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर खरोखरच हल्ला केला होता, आणि चार दिवसांनी पुन्हा. केमारीचे तेलसाठे तेव्हा खरोखरच पेटले होते. "तेव्हा केलं, मग आता का नाही करणार?" बाबा म्हणाले. मला तो पुरावाच वाटला.

साडेबाराला मी ताईला फोन लावला. भाऊजी हवाई दलात आहेत. तेव्हा त्यांची बदली पंजाबातल्या एका तळावर होती.

"ताई, टीव्ही लाव. कराची गेलं!"

"इथे लाइट बंद ठेवलेत रे. पॅसेजमध्ये गादी टाकून बसलोय. पोरगी झोपत नाहीये." थोडं थांबून तिने विचारलं, "नक्की गेलंय का? कारण गेलं असेल तर ते आज रात्री गप्प बसणार नाहीत."

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. जी बातमी मला क्रिकेटच्या स्कोअरसारखी वाटत होती, तिच्यावरून ताई पोरीला कुठे झोपवायचं ते ठरवत होती.

सकाळी कराची जागच्या जागी होतं. जळत्या बंदराची म्हणून फिरलेली एक चित्रफीत अमेरिकेत, फिलाडेल्फियात, जानेवारीअखेरीस झालेल्या विमान अपघाताची निघाली. बंदराच्या अधिकृत खात्यावरही मोठ्या नुकसानीची पोस्ट पडली होती. मग ते खातंच हॅक झाल्याचा खुलासा आला. शेवटचा संशय ११ मेच्या पत्रकार परिषदेने संपवला. कराचीसह निवडक लक्ष्यांवर हवं तेव्हा मारा करायची आपली तयारी होती, असं नौदलाने सांगितलं. तयारी होती, म्हणजे मारा केला नव्हता.

त्यानंतर मी शहाणा झालो, असा माझा समज होता. आपली विमानं पाडल्याच्या पाकिस्तानच्या दाव्याचा विषय निघाला तेव्हा मी माझी नवी कोरी कसोटी बाहेर काढली. सांगणारा कोण? शत्रू. दाखवलेले फोटो? त्यांतले काही जुन्याच अपघातांचे. आकडा? आधी पाच, मग सहा. म्हणजे सगळंच खोटं. एका मित्राने "काहीतरी झालं असावं" म्हटलं, तर त्याला मी चारचौघांत झाडलं. ताईलाही हे सगळं फोनवर ऐकवलं. ती काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं मी होकारात धरलं.

३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी आपली विमानं पडल्याचं मान्य केलं. सहाचा आकडा त्यांनी साफ नाकारला, स्वतः आकडा दिला नाही. विमानं का पडली आणि त्यानंतर आपण काय सुधारलं हे महत्त्वाचं, असं ते म्हणाले. मी ११ मेच्या पत्रकार परिषदेची चित्रफीत पुन्हा लावली. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी तिथेच सांगितलं होतं, की नुकसान हा लढाईचा भाग असतो आणि आपले सगळे वैमानिक परतलेत. कराचीची बातमी खोडायला मी जी पत्रकार परिषद वापरली, तीच ही. तिच्यातलं निम्मंच मी ऐकलं होतं.

माझी कसोटी चुकीची नव्हती. ती मी फक्त नावडत्या बातमीला लावली आणि बातमीचे तुकडे न पाडता लावली. युद्धातल्या बातमीत निदान तीन दावे एकत्र बांधलेले असतात: काय झालं, कोणी आणि कसं केलं, किती झालं. तिन्हींची खरीखोटी वेगवेगळी करावी लागते. १९७१च्या डिसेंबरातच पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती बुडाली, हे दोन्ही देशांना मान्य आहे. पण ती 'आयएनएस राजपूत'च्या माऱ्याने बुडाली असं आपण म्हणतो, अपघाती स्फोटाने बुडाली असं ते म्हणतात, आणि पन्नास वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही. पहिल्या तुकड्याची खात्री आहे म्हणून दुसऱ्याचीही आहे, असं होत नाही.

आणि सांगणारा लबाड आहे म्हणून बातमी खोटी, असंही होत नाही. एप्रिल १९४३ मध्ये जर्मन रेडिओने जाहीर केलं, की स्मोलेन्स्कजवळ कातीनच्या जंगलात सोव्हिएत पोलिसांनी मारलेल्या दहा हजार पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत. सांगणारा कोण, तर गोबेल्स. रशियाने खुनाचा आळ जर्मनांवरच टाकला. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तर स्टालिनने त्यांच्याशी संबंधच तोडले. ब्रिटन-अमेरिकेला रशिया दुखवायचा नव्हता. पुढे मोजणी झाली तेव्हा कातीनमध्ये साडेचार हजारांच्या आतच प्रेतं निघाली. आकडा फुगवलेला होता, हेतू गलिच्छ होता आणि मूळ बातमी खरी होती. मॉस्कोने ते मान्य केलं १९९० मध्ये. मारलेल्यांच्या बायका-मुलांनी सत्तेचाळीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी पोलंडमध्येच, जिथे हे उघड बोलायचीही सोय नव्हती.

म्हणून आता आवडती बातमी आली की मी एक प्रश्न विचारतो: हीच बातमी, एवढ्याच पुराव्यावर, पलीकडच्या बाजूने आली असती तर मी मानली असती का? नावडती आली की त्याच्या उलट. उत्तर बहुतेक वेळा "अजून माहीत नाही" असंच येतं, आणि ते उत्तर घेऊन एक रात्र काढणं मला अजूनही जड जातं. पॅसेजमध्ये बसलेल्यांना ते किती जड जात असेल, याचा अंदाज मला डोंबिवलीतून येणार नाही.

दिवाळीला ताई आली होती. फराळाच्या डब्यांची झाकणं लावताना मी हळूच विचारलं, "विमानांचं तुला तेव्हाच माहीत होतं का गं?"

"भाऊजी घरी काही बोलत नाहीत," ती म्हणाली. "दोन दिवस ते जेवले नाहीत धड, एवढंच मला माहीत होतं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू विचारलं कुठे होतंस? तू सांगत होतास." आणि चकलीचा डबा तिने माझ्या हातात दिला, वर ठेवायला.