खोली सोडली, जबाबदारी सुटत नाही

नाशिकला आम्ही चौघांनी अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला. पाचव्या महिन्यात दोघे निघून गेले. मालक म्हणाला, पूर्ण भाडं भरा नाहीतर खाली करा. आडनाव ऐकताच ‘खोली गेली’ म्हणणाऱ्या शहरात आम्ही दुसरी कुठे शोधणार?

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ४३ वाचलं. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर मालक कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो; पण भरणारा बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करू शकतो. हे दाखवल्यावर एकाने बदली मुलगा आणला, दुसऱ्याने डिपॉझिटमधला वाटा सोडला.

मित्रांनो, नोटीस, बदली, डिपॉझिट आधीच लिहून घ्या. हिशेब मागितल्याने बंधुता तुटत नाही. संविधानाच्या उद्देशिकेतही न्याय आधी येतो, बंधुता नंतर.

जय भीम!