बिनफोडणीचे पोहे

विटेकडे नुसती वीट म्हणून बघणं मराठी माणसाला जरा जडच जातं. तिच्यावर कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असेल असं उगाच वाटत राहतं. नेपाळातल्या भक्तपूरच्या एका चौकात आमच्या कॉलेजची पोरं पडक्या घराच्या विटा खरवडत बसली होती आणि मी पोरं सोडून विटाच बघत होतो.

२०१५चा डिसेंबर. २५ एप्रिलच्या भूकंपाचे ढिगारे अजून गल्लोगल्ली पडून होते. आपण घरं बांधायला चाललोय, अशा थाटात मुलं निघाली होती. तिथल्या गवंड्याने त्यांच्या मऊ हातांकडे एकदा पाहिलं आणि प्रत्येकाला एकेक खुरपी दिली. चिकटलेली माती काढायची. अख्खी वीट इकडे, फुटकी तिकडे. बस्स.

इथल्या नेवार लोकांची जुनी घरं मातीच्या गाऱ्यात बांधलेली. ती ढासळली त्यात या गाऱ्याचा दोष होताच. पण विटा अख्ख्या सुटून पुन्हा भिंतीत जाऊ शकत होत्या, तेही त्याच गाऱ्यामुळे. सिमेंटातली वीट सुटत नाही, फुटते. दर्शनी भिंतीची वीट तर आणखी निराळी. तुकतुकीत, मागच्या बाजूला निमुळती. पुढून सांधा दिसत नाही, त्यामुळे पावसाला माती धुऊन न्यायला फटच सापडत नाही. तिला म्हणतात दाची अप्पा. हे कळल्यापासून पोरं ‘अप्पा, सावकाश’ म्हणत ती वीट खाली ठेवायला लागली.

त्या हिवाळ्यात नेपाळात गॅस नव्हता. सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईत मधेशींचं आंदोलन पेटलं, सीमेवरची नाकी बंद पडली. भारताने अडवलंय असं काठमांडू म्हणत होतं, दिल्ली ते नाकारत होती आणि चुली मात्र लाकडावर आल्या होत्या. खाणावळींच्या फळ्यांवरून निम्मे पदार्थ पुसले गेले होते. त्यात मोमो गेले याचं मला दुःख झालं नाही. मोमो मला कुठेच आवडत नाहीत. त्यांच्याबरोबरची तिळाची चटणी तेवढी खरी.

चौकातल्या आमांनी (नेपाळीत आमा म्हणजे आई) पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत विचारलं, “तुमच्या सरकारने गॅस अडवला, मग तुम्हाला कसं सोडलं?” मुलं ओशाळली. आमा हसल्या आणि जेवायला बसा म्हणाल्या.

दुपारच्या खाण्याला चिउरा. म्हणजे आपले पोहेच, पण कोरडे, ना भिजवलेले ना परतलेले. सोबत भाजलेले सोयाबीन, आल्याचे तुकडे, बटाट्याचं अचार. जाळ लागत नाही, म्हणून टंचाईच्या दिवसांत त्यांचा मोठा आधार. आमच्यातली सोलापूरची मुलगी पुटपुटली, “फोडणी नाही तर पोहे कसले?” मनातून मीही तिच्याच बाजूचा. कांदा, मोहरी, वर ओलं खोबरं. एवढं नसेल तर ते पोहे सुतकातले.

मग आमांनी जुजु धौ आणलं. भक्तपूरचं हे दही म्हणजे दह्यांचा राजा. म्हशीचं दूध आटवतात, किंचित गोड करतात, मातीच्या पसरट भांड्यांत विरजतात. ती भांडी भाताच्या तुसावर मांडून वर पांघरुणं घालतात. चक्क्यासाठी आपण दही फडक्यात टांगतो. इथे भांडंच पाणी पिऊन टाकतं. चमचा रोवला तर उभा राहतो. आमांनी ते दही पोह्यांवर घातलं आणि बोटाने खूण केली: थांबा. आम्ही थांबलो. उन्हात पाठ शेकत, पोहे कडेने मऊ आणि मध्ये कुरकुरीत होईपर्यंत. दहीपोहे मी जन्मभर खात आलोय, गोपाळकाल्याला तर रांग लावून. पण पोह्याला दह्यातच नरम होऊ द्यावं, आधी पाण्यात बुडवून त्याचा जीव काढू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सोलापूरकरीण तीनदा वाढून घेती झाली. फोडणीचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी न्यातपोल पाहायला गेलो. भूपतींद्र मल्लाने १७०२मध्ये बांधलेलं पाच छपरांचं देऊळ, १९३४ आणि २०१५चे दोन्ही भूकंप सोसून उभं. पायऱ्यांवर तळाशी दोन पहिलवान, वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, मग देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बळाची. पहिलवानच मुळी साध्या माणसाच्या दसपट. हिशेब करणाऱ्या पोरांनी मोबाइल काढले. आत सिद्धिलक्ष्मी आहे, पण तिचं दर्शन फक्त पुजाऱ्यांना.

कॉलेजांनी अशा सहली जरूर काढाव्यात, पण मुलांच्या हातून घरं बांधून घेऊ नयेत. त्यांना विटा खरवडू द्याव्यात. ते काम त्यांना जमतं आणि पुढे त्याच विटांनी भिंत रचायला गावात गवंडी असतात.