एक कनेक्शन, दोन कॉम्प्युटर



सामायिक विहिरीचं पाणी दोन भावांत कसं वाटायचं, हे आपल्या भोकरदन तालुक्यात कोणाला शिकवावं लागत नाही. सातबाऱ्यावर हिस्सा असतो, मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि मिरचीला पाणी लागायच्या दिवसांत पाळीवरून भांडणंही होतात. घरातल्या इंटरनेटचं तसंच आहे. फक्त इथं पाळी कोणी ठरवत नाही, म्हणून जो जास्त ओढतो त्याचं फावतं.

"सर, दुसरा कॉम्प्युटर घेतला तर दुसरं कनेक्शन घ्यावं लागतं का?" पिंपळगाव रेणुकाईत हा प्रश्न मला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. नाही लागत. कंपनीकडून राउटरला एकच पत्ता मिळतो. राउटर मग घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा घरगुती पत्ता देतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. कोणी काय मागितलं याची नोंद ठेवून ज्याचं त्याला पोचवतो. ही युक्ती पत्ते कमी पडू लागले म्हणून निघाली. जुन्या पद्धतीत जगभर मिळून सुमारे 429 कोटीच पत्ते, आणि माणसंच त्याहून जास्त!

आता वेगाचं गणित करू. ऑनलाइन तासाला साधारण दोन-तीन एमबीपीएस लागतात. म्हणजे तीसचा प्लॅन दोघांना भरपूर झाला. तरी चित्र का अडकतं? कारण एका कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट गुपचूप उतरत असतं, नाहीतर कोणाच्या तरी मोबाइलमधले लग्नाचे व्हिडिओ वर चढत असतात. अपडेटच्या सेटिंगमध्ये घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून फाइल घेण्याची सोय असते, ती चालू करा. मग तेच अपडेट दोनदा बाहेरून पूर्ण आणावं लागत नाही.

जुन्या माळवदाच्या घरात हात-दीड हात जाडीच्या भिंती असतात, वायफाय तिथं दम तोडतं. तिथं सरळ लॅन केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती नीट चालते.

पण ही केबल घरात कोणाच्या टेबलापर्यंत जाते, ते जरा बघा. दोन लेकरांच्या घरात मी हे पाहिलंय: नवा कॉम्प्युटर आणि केबल पोराकडे, जुना कॉम्प्युटर आणि मागच्या खोलीतलं अर्धं वायफाय पोरीकडे. पोरीची सीईटीची तयारी चालू, भाऊ गेम खेळतोय, आणि वर "हिचा आवाजच येत नाही, हिला जमत नाही" असं तिलाच ऐकावं लागतं. अहो, तिला जमतंय, तुमच्या भिंतीला जमत नाही! ज्याचा तास किंवा परीक्षा असेल, केबल त्याला. काही राउटरमध्ये ठरावीक कॉम्प्युटरला प्राधान्य देता येतं. ते नसेल तर तासांच्या वेळा कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. आमच्याकडं कागदच आहे.

राहता राहिली लाइट. ती गेली की लॅपटॉप चालू राहतो, राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या. बऱ्याच राउटरना 12 व्होल्ट लागतात, काहींना 9.